पान नऊवरचं गाढव

कांद्यांची गाडी ओढणारं गाढव सिग्नलपाशी थांबलं आणि पाच वर्षांची तालिया आनंदाने किंचाळली, "तेता, बघ! झेब्र्याचे पट्टे धुऊन गेले!"

तेता म्हणजे तिची आजी, इन्शिराहबाई. त्या रस्त्यातच पोट धरून हसल्या, पण घरी पोहोचेपर्यंत ते हसणं पार कडू झालं. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोयच नव्हती ना! कैरोतल्या पोरांच्या चित्रपुस्तकांत गेली तीस वर्षं चित्रं काढत होत्या त्या स्वतः. आणि काढलं काय? पेंग्विन, कांगारू, बर्फाच्या गुहेत हिवाळाभर झोपणारं अस्वल. जिथे ऐन जानेवारीत माणसं गल्लीत खुर्च्या टाकून चहा पितात, तिथल्या पोरांना अस्वलाच्या झोपेचं वेळापत्रक पाठ, आणि दारावरून जाणारं जनावर मात्र अनोळखी. धन्य ती विद्या!

"आता आपल्या मातीतल्या जनावरांचं पुस्तक करणार," त्यांनी प्रकाशक वहीदला सांगून टाकलं. "म्हैस, बगळा, हुदहुद पक्षी, नाईलमधला मासा. आणि गाढव."

"माफ करा," वहीद सवयीने पुटपुटला. गाढव, कुत्रा, जोडा असलं काही तोंडून निघालं की समोरच्याची माफी मागायची, ही आमच्या कैरोतल्या सभ्य माणसाची खूण. वहीद तर नुसतं ऐकलं तरी मागायचा.

गाढव मात्र बाईंनी जीव ओतून काढलं. ओले, सोशिक डोळे, ओघळलेला खालचा ओठ, कपाळावर केसांचा एक चुकार झुपका. फय्यूमच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात असलंच एक गाढव त्यांना शाळेत पोहोचवायचं. "तालियाने हे बघून एकदा 'गाढव' म्हटलं ना, की मी भरून पावले," त्या म्हणाल्या.

पण पुस्तक बालवाड्यांत जायचं तर शिक्षण खात्याच्या समितीची मंजुरी हवी. समितीचे अध्यक्ष डॉक्टर बदावी. त्यांची डॉक्टरकी कुठल्याशा प्राचीन छंदशास्त्रातली. लहान मूल त्यांनी बहुतेक लांबूनच पाहिलेलं. शेजारी करीमानबाई, संस्कार खात्याच्या.

"'हे गाढव आहे.' असं थेट?" करीमानबाईंनी नाक मुरडलं. "पुढे 'माफ करा' नाही? मुलांनी उद्धटपणा शिकायचा की काय?"

"अहो, मी गाढवाची ओळख करून देतेय. शिवी नाही देत."

"सुरुवात ओळखीनेच होते," डॉक्टर बदावी गंभीरपणे म्हणाले.

तेव्हा ठरलं, 'हे गाढव आहे, माफ करा' असं छापायचं. इन्शिराहबाईंनी दात-ओठ खात मान डोलावली. एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण डॉक्टरांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं, मग समोरच्या भिंतीकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

भिंतीवर खात्याच्या नव्या मोठ्या साहेबांचा फोटो होता. तेच ओले डोळे, तोच ओघळलेला ओठ, कपाळावर तोच झुपका. करीमानबाईंनीही बघितलं. मग दोघांनी मिळून पंख्याकडे बघितलं. बोलणार कोण? जो बोलेल, त्यानेच साहेबांना गाढव म्हटल्यासारखं होणार. माफ करा म्हणूनही ते निस्तरण्यासारखं नव्हतं.

"कान जरा लांब नाहीत वाटत?" डॉक्टर चाचरत म्हणाले.

"गाढवाचे आहेत ते."

"माफ करा. तरी आखूड करा."

इन्शिराहबाईंनी तिथल्या तिथे कान आखूड केले. झालं, जो काही फरक होता तोही मिटला. करीमानबाईंना उचकी लागली. "वाढवा! होते तसे वाढवा! ओठ आवळा त्यापेक्षा!" ओठ आवळला, तर साहेब भाषणाला उभे राहिल्यासारखे दिसू लागले. रोगापेक्षा इलाज भयंकर!

"पाठमोरं काढू का?" इन्शिराहबाईंनी वैतागून विचारलं.

"नको, नको! मग तोंड का लपवलं, असं विचारतील!"

"कुणाचं तोंड?"

दोघांचे डोळे चुकून फोटोकडे वळले. इन्शिराहबाईंची नजर भिंतीवर गेली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हसावं की रडावं, तेच त्यांना कळेना.

शेवटी समितीने एकमताने गाढव काढून टाकलं. मागे उरला हिरवा चारा, एक खुंटा आणि एक लोळणारं दावं. रिकाम्या जागेखाली 'गाढव' लिहिणं तर आणखी धोक्याचं, म्हणून तो शब्दही गेला. ठेवलं ते एवढंच: 'सगळ्यांच्या आधी उठणं, सगळ्यांचं ओझं वाहणं, मिळेल ते खाणं आणि कधी उलट न बोलणं. असा हा आपला सोबती. माफ करा.' माफी आधीच मंजूर झाली होती, ती तेवढी राहिली.

"एका पानासाठी काय जीव टाकायचा?" वहीद समजूत घालू लागला. "म्हैस वाचली ना!"

म्हैस वाचली होती खरी. म्हशीसारखे दिसणारे साहेब गेल्याच वर्षी निवृत्त झाले होते.

"मला म्हैस नकोय, वहीद. माझ्या नातीला गाढव कळायला हवं!"

"मग पुस्तक मागे घ्या. बगळाही जाईल, हुदहुदही जाईल. बघा बाई, तुमची मर्जी."

बाईंनी मुकाट्याने होकार दिला. स्वतःची त्यांना इतकी चीड कधी आली नव्हती.

पुस्तक तालियाच्या बालवाडीत पोहोचलं त्या दिवशी आजीबाईंना मानाने बोलावणं आलं. शिक्षिका नीवीन मोठी हौशी. पान नऊ वाचून दाखवून ती म्हणाली, "पोरांनो, चित्रातला सोबती पळून गेलाय. कोण असेल तो? रिकाम्या जागेत काढा बघू!"

इन्शिराहबाईंच्या काळजात आशा उठली. एका तरी पोराने लांब कान काढावेत, एकाने तरी! त्या बाकांमधून वाकून बघत निघाल्या. पहिल्या पोराने काढली होती दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली आई. दुसऱ्याचीही आईच, कडेवर बाळ आणि डोक्यावर पाटी. तिसऱ्याने इमारतीचा दरवान काढला होता, कुणाची तरी ट्रंक जिन्यावरून वर चढवताना. चौथ्याची पुन्हा आई. लांब कान औषधालाही नव्हते.

तालियाने आपलं चित्र हाताखाली झाकलं होतं. मग हळूच हात काढला. टेबलावर वाकलेली एक बाई, नाकावर घसरलेला चष्मा, हातात कुंचला. चित्रात दावं होतंच, ते तालियाने बाईच्या पायाला नीट बांधून टाकलं होतं.

"तेता, बरोबर ओळखलं ना मी?"

"अगदी बरोबर ओळखलंस गं," इन्शिराहबाई म्हणाल्या. "फक्त कान राहिले." त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि चित्रातल्या स्वतःच्या डोक्यावर दोन लांबच लांब कान काढले, समितीला झीट येईल एवढे लांब.

सगळी पोरं भोवती गोळा झाली. "असे कान कुणाचे असतात?" तालियाने विचारलं.

"आपल्या रस्त्यावर कांद्यांची गाडी ओढतं ना, त्याचे. त्याला म्हणतात गाढव."

"गाढव!" तालिया आजीकडे बोट दाखवून आनंदाने ओरडली, आणि तिच्यामागोमाग सगळा वर्ग ओरडला. एवढा मोठा सन्मान तीस वर्षांत बाईंना कुणी दिला नव्हता. त्या बाकावर बसल्या आणि चक्क रडू लागल्या.