वाटीभर दूध

“एवढंसंच? ह्येनं काय पोट भरतंय व्हय पोराचं?” जयाबाईने दुधाची वाटी सिस्टरपुढे धरली.

“बेडा आज्जी, जास्त नको,” मंजुश्री सिस्टर कानडी मिसळत म्हणाली. “आत्ता थोडं थोडंच. दोन तासांनी परत देते. बाहेरचं काही भरवू नका हं.”

बेळगावच्या दवाखान्यात कॉटवर युवराज पडला होता, जयाबाईच्या लेकीचा, मंगलचा मुलगा. दोन वर्षांचा झाला तरी बसवलं की कलंडायचा. मंगलचं सासर लोंढ्याकडे, नवरा गोव्यात कामाला. पोराला जुलाब लागले म्हणून तिने त्याला पेजेच्या पाण्यावर ठेवलं. महिने गेले, जुलाब थांबेनात, पेजही सुटेना. जयाबाई कडोलीजवळच्या शाळेत दुपारचं जेवण रांधायची. गावातली कितीतरी पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली होती. सुट्टी लागली की लेकीकडे जाऊन येते म्हणत म्हणत तिचं जाणं राहिलंच होतं.

आल्यापासून गप्प पडून असलेला युवराज आता वाटी रिकामी झाली की तिच्याकडे बघत रडू लागला. ते रडणं जयाबाईला सोसेना. अंघोळीला म्हणून ती हिंडलग्याला भावाच्या घरी गेली, तुपातला शिरा केला आणि डबा पदराखाली घेऊन आली. मंगल कपडे आणायला गावी निघाली होती. ती गेल्यावर जयाबाईने कॉटचा पडदा ओढला.

“खा रं माझ्या राजा.”

पोर अधाशासारखं खाऊ लागलं. अर्धा डबा संपल्यावर चक्क हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उरलेला शिराही भरवला.

दुपारी त्याचे पाय सुजले. छाती भात्यासारखी हलू लागली. डॉक्टर धावत आले.

“आज्जी, काही दिलं होतं का?” मंजुश्रीने विचारलं.

जयाबाईने डबा काढून तिच्या हातात दिला.

डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले, पण युवराज गेला. मग ते जयाबाईजवळ येऊन बसले. “फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम जेवण झेपत नाही, आज्जी. रक्तातले क्षार उतरतात, हृदयावर ताण येतो. तसा तो आधीच फार अशक्त होता.”

“पण खाऊन हसला हो त्यो,” जयाबाई म्हणाली.

संध्याकाळी मंगल पिशवी घेऊन आली. पोराला छातीशी धरून रडली, रडून थकली. मग तिने आईकडे पाहिलं.

“आई, भुकेला तर न्हाय न्हवं गेला?”

सलाईनची नळी गुंडाळणारे मंजुश्रीचे हात थांबले.

जयाबाईने लेकीच्या तोंडावरचे केस मागे सारले.

“न्हाय गं बाई. पोटभर जेवलता.”

“बरं झालं,” मंगल म्हणाली, आणि तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं.