तपासून झालेलं वर्ष

नवी पेठेतले चादरीचे दुकानदार रेवणप्पा त्या दुपारी जेवायला घरी आले आणि ताटावर बसून नुसते भाकरीकडे बघत राहिले. आयकर खात्याची नोटीस आली होती! आठ वर्षांपूर्वीची तपासणी पुन्हा का उघडू नये, असं त्यात विचारलं होतं.

“ते वर्ष तर तपासून झालं होतं की!” त्यांची बायको निंगव्वा म्हणाली. “सगळे कागद दाखवले होते तुमी.”

“व्हय. पन आता परत संशय आलाय. पाच लाख दडवले म्हनत्यात.”

“दडवलेत का?”

“एक रुपया न्हाय! पन दडवले म्हणून लिहून देतो, भरतो आन सुटतो. साहेबाला दोन भारी चादरी बी नेतो.”

आपल्या पेठेत हीच रीत, नाही का? सरकारी पाकीट आलं की आधी चादर बांधायची, मग पाकीट वाचायचं!

निंगव्वा भडकली. “आवो, उद्या लेकीनं विचारलं, आबा, तुमी चोर हाय का, तर काय सांगणार? उठा! वैजयंतीताईंकडं चला.”

वैजयंतीताई म्हणजे गल्लीतल्या कर सल्लागार. त्यांनी नोटीस वाचली, जुन्या तपासणीचा निकाल वाचला आणि रेवणप्पांच्या काखेतल्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“हे काय?”

“साहेबासाठी. चादरी.”

“उत्तर कॉम्प्युटरवरून जातं, रेवणप्पा. चादर काय स्क्रीनवर पांघरणार?” निंगव्वा फिसकन हसली. ताई मात्र गंभीर झाल्या. “आणि याला भेट म्हणत नाहीत. लाच म्हणतात.”

रेवणप्पा वरमले. “पन ताई, सरकार हाय ते. कवाबी उघडंल.”

“मुळीच नाही! कर आकारणीचं वर्ष संपल्यापासून नोटिशीला साधारण तीन वर्षं तीन महिन्यांची मुदत असते. पन्नास लाख किंवा जास्त दडवल्याचा पुरावा असेल, तर पाच वर्षं तीन महिने. तुमचं वर्ष दोन्हींच्या पलीकडे गेलंय. शिवाय याच रकमेबद्दल तेव्हा प्रश्न विचारून, तुमचं उत्तर घेऊन निकाल दिलाय. आता नुसतं मत बदललं म्हणून तो उकरता येत नाही.”

“आस्सं? मग मी कशाला भितोय?”

“वाचत नाही म्हणून! सरकारनं चुकवेगिरी जरूर पकडावी. पण प्रामाणिक माणसाला कधीतरी निर्धास्त झोपता यावं, म्हणून सरकारलाही हद्द घातलीय. फक्त गप्प बसू नका. उत्तर मुदतीत गेलंच पाहिजे.”

रेवणप्पा एकदम ताठ बसले. “लिवा ताई! दडवलं न्हाय आन मुदत बी संपली. दोन्ही लिवा!”

महिन्याभरात आदेश आला. प्रकरण बंद! पुन्हा तपासणी नाही! निंगव्वानं गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, “जिंकलो की वो!”

पुढच्याच आठवड्यात शेजारचे चन्नप्पा घाबरत दुकानात आले. त्यांनाही नोटीस आली होती. “रेवणप्पा, कुणाला भेटू? काय देऊ?”

“काय बी देऊ नगा. आधी वाचा. कर खरंच चुकवला आसंल तर भरा. नसंल, तर ठणकावून सांगा. चला, मी येतो ताईंकडं!”

नागरिकहो, कर भरणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि कर मागणाऱ्याच्या मर्यादा जाणून घेणं हा आपला हक्क! भीतीपोटी दिलेली खोटी कबुली देशाच्या कामाची नाही आणि आपल्याही नाही. कायदा आपल्या बाजूनं उभा असतो. आपणही आपल्या बाजूनं उभं राहायला शिकूया!