मला काही दिसलं नाही

आमच्या स्टॅन एन्टविसलची नजर हे एक न सुटलेलं कोडं आहे. आपल्या पोराला कुणी लाथ घातली, की त्याला मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून बुटाचे खिळे मोजता येतात. आपल्या पोराने दुसऱ्याला घातली, की नेमका त्याच वेळी तो वाकून बुटाची नाडी बांधत असतो. त्याच्या बुटांना नाड्याच नाहीत. हे मी शपथेवर सांगेन, कारण ते बूट मीच पुसते.

मी विनी रॉथवेल. ऑसलडेन टाउन हा आमचा फुटबॉल क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये आहे, म्हणजे याखाली नुसता चिखल. तिथे मी बावीस वर्षं आहे. पोरांचे कपडे धुते, मध्यंतराला चहा करते, लीगला पत्रं टाइप करते. शिवाय दर शनिवारी मॅचच्या पत्रिकेत पहिल्या पानावर ‘मॅनेजरचे दोन शब्द’ येतात, ते स्टॅन बोलतो आणि मी उतरवून घेते. त्यातल्या शिव्या मी गाळते. उरतं ते बरोबर अर्धं पान भरतं.

सप्टेंबरमध्ये ब्रॅकवेलशी सामना होता. त्यांच्याकडे रेग ग्रिमशॉ नावाचा बचावाचा गडी होता, दारातून जाताना तिरकं व्हावं लागणारा. आमचा ग्लिन पार्टिंग्टन डाव्या बाजूने धावायचा, बावीस वर्षांचा, अंगाने काडी, पण एकदा सुटला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही. त्या दिवशी तो सुटला होता. चेंडू पुढे गेला, ग्लिन मागोमाग गेला, आणि मग ग्रिमशॉ आला. उशिरा आला आणि दोन्ही पायांनी आला. तो आवाज मला चहाच्या खिडकीत ऐकू आला. हातातली किटली मी तशीच खाली ठेवली.

नडगी मोडली होती. स्ट्रेचरवर ग्लिन एकच विचारत होता, “फाऊल होता ना, बॉस? माझी चूक नव्हती ना?”

स्टॅनने त्याचा हात धरला होता. “फाऊल कसला, पोरा, खून होता खून,” तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी स्टॅन आवडला होता.

पुढच्या शनिवारच्या ‘दोन शब्दां’त त्याने मला सांगितलं ते असं: ‘हा माणूस फुटबॉलपटू नव्हे, खाटीक आहे. मी असेपर्यंत असला माणूस या क्लबचा उंबरठा ओलांडणार नाही.’ आमचे चेअरमन मिस्टर ऑर्मरॉड यांची गावात मटणाची तीन दुकानं आहेत. त्यांचा निरोप आला, की कृपया दुसरा कुठलातरी धंदा निवडावा. त्यानंतर आम्ही ‘गुंड’ वापरू लागलो.

पंधरा दिवसांनी आमच्या संघातल्या सिरिलने एका परक्या पोराचं खांद्याचं हाड मोडलं. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं तेव्हा स्टॅन म्हणाला, “मला काही दिसलं नाही. लाइन्समन मध्ये आला.” तो लाइन्समन तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होता, पण आमच्या वर्तमानपत्रवाल्याला माझा चहा फुकट मिळतो, त्यामुळे तो फार खोलात जात नाही.

हेही मी खपवून घेतलं असतं. सगळेच मॅनेजर असे असतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. पण फेब्रुवारीत आम्ही तळाला गेलो, ब्रॅकवेलने ग्रिमशॉला काढून टाकलं, आणि मंगळवारी सकाळी बघते तर तोच ग्रिमशॉ तिरका होऊन आमच्या दारातून आत येतोय.

“लिहून घे, विनी,” स्टॅन म्हणाला. माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाला. “रेग ग्रिमशॉ हा प्रामाणिक, जीव ओतून खेळणारा गडी आहे. त्याच्या मनात कुणाबद्दल विष नाही. त्याला कधी थोडा उशीर होतो, पण मनाने तो नेहमी वेळेवर असतो. मी असेपर्यंत अशा माणसाला या क्लबात जागा आहे.”

“आणि उंबरठ्याचं काय?” मी विचारलं.

“कुठला उंबरठा?”

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रवाल्याने ग्लिनच्या पायाचा विषय काढला. स्टॅनने उत्तर दिलं, “मी त्या प्रसंगाचा पुन्हा विचार केलाय. खरं सांगायचं तर पोराचाच पाय नको तिथे होता.”

ग्लिनने ते माझ्या धुण्याच्या खोलीत उभं राहून वाचलं. प्लास्टर निघालं होतं, पण चालताना अजून लंगडायचा. त्याने वर्तमानपत्राची नीट घडी घातली. “नको तिथे म्हणजे कुठे, मिसेस रॉथवेल?” तो म्हणाला. “माझ्या गुडघ्याच्या खालीच होता.”

मला इतका संताप आला की त्या दिवशी मी स्टॅनच्या चहात साखर घातली नाही. तो तीन चमचे घेतो.

वैताग म्हणजे, ग्रिमशॉ माणूस म्हणून वाईट नव्हता. ओले टॉवेल उचलून द्यायचा, आईच्या संधिवाताबद्दल बोलायचा. कपडे बदलायच्या खोलीत त्याची खुंटी ग्लिनच्या शेजारीच आली. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, “पाय कसा आहे?” ग्लिन म्हणाला, “जोडलाय.” एवढंच बोलणं झालं.

एप्रिलमध्ये ग्लिन पुन्हा खेळायला लागला. धावायचा तसाच, पण समोरून कुणी आलं की पाय मागे घ्यायचा. अगदी जरासा. ते मला दिसायचं तर सगळ्यांना दिसतच असणार. आमच्याकडे मे महिन्यात यादी लागते. यादीत नाव असलं तर पुढचं वर्ष खेळायचं, नसलं तर बूट पिशवीत घालून घरी जायचं. ग्लिनसाठी घरी जाणं म्हणजे वडिलांच्या शेजारी बिस्किटांच्या कारखान्यात उभं राहणं होतं, तेही जन्मभर.

स्टॅनने त्याला माझ्या समोरच सांगितलं. “शुक्रवारी बघतो तुला. समोर कोण आहे ते बघायचं नाही, घुसायचं. ग्रिमशॉवर घुसून दाखव. पाय मागे घेतलास तर यादीत तू नाहीस.”

“तो ग्रिमशॉ आहे, बॉस.”

“मग काय झालं? फुटबॉल हा पुरुषांचा खेळ आहे. लागतं कधी कधी.”

आता शुक्रवारचं सांगायला हवं. दर शुक्रवारी सकाळी आमच्याकडे पाच-पाच जणांचा सामना होतो, आणि त्यात स्टॅन स्वतः खेळतो. वय छप्पन्न, डोक्यावर लोकरी टोपी. नियम एकच, तो कुठे लिहिलेला नाही आणि सगळ्यांना पाठ आहे: बॉसची बाजू पुढे गेल्याशिवाय सामना संपत नाही. एकदा तो दोन तास दहा मिनिटं चालला होता, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शनिवारची मॅच पाच गोलांनी हरलो, कारण पोरांना उभं राहवत नव्हतं.

त्या शुक्रवारी आमचा मालिशवाला दात उपटून घ्यायला गेला होता. म्हणून शिट्टी माझ्याकडे आली. “ऊठसूट वाजवू नकोस,” स्टॅनने बजावलं. “स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तरच.”

ग्रिमशॉ स्टॅनच्या बाजूने, ग्लिन समोर. सात-सात गोल झाले. ग्लिन दोनदा ग्रिमशॉच्या समोर आला आणि दोन्ही वेळा पाय मागे गेला. स्टॅनने दोन्ही वेळा तोंडाने ‘चक्’ केलं. पोराचा चेहरा मला बघवेना.

मग चेंडू स्टॅनकडे आला. स्टॅनला एक खोड आहे. चेंडू मिळाला की तो त्यावर पाय ठेवून उभा राहतो आणि भाषण देतो. “हे बघा पोरांनो,” त्याने सुरुवात केली, “चेंडू घाईने कधी—”

ग्लिन आला. मान खाली, खांदे वर. उशिरा आला आणि दोन्ही पायांनी आला.

टोपी एकीकडे, स्टॅन दुसरीकडे. घोटा गेला हे मला आवाजावरूनच कळलं, आता कान तयार झाले होते. स्टॅन चिखलात आडवा पडून ओरडत होता, “खाटीक आहेस तू, खाटीक! विनी, शिट्टी!”

मी शिट्टी हातात धरली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

“मला काही दिसलं नाही, स्टॅन,” मी म्हणाले. “सिरिल मध्ये आला.”

सिरिल चांगला दहा पावलं लांब होता. त्याने दोन क्षण विचार केला, आणि मग भल्या माणसासारखा चालत येऊन मध्ये उभा राहिला. गोलकीपर खाली वाकून नाडी बांधू लागला. शेवटी ग्रिमशॉ पुढे झाला, स्टॅनवर ओणवा होऊन अगदी आदराने म्हणाला, “चेंडूवरच गेला पोरगा, बॉस. थोडा उशीर झाला, पण मनाने वेळेवर होता.”

कुणी हसलं नाही. हसू सगळ्यांच्या नाकापर्यंत आलं होतं, पण ग्लिन पांढराफटक पडला होता. “मी डोळे मिटले होते,” तो मला सांगत होता. “मला वाटलं ग्रिमशॉ आहे.”

रुग्णवाहिकेत चढवताना स्टॅनने मान वर करून बोट रोखलं. “यादीतून गेलास तू. ऐकलंस? गेलास.”

छापखान्याला ‘दोन शब्द’ शुक्रवारी दोनच्या आत लागतात. मॅनेजर हॉस्पिटलात, पान कोरं. मी माझ्या मनाचं एक अक्षर लिहिलं नाही, देवाशप्पथ. फेब्रुवारीची पत्रिका काढली, तोच मजकूर टाइप केला, फक्त नाव बदललं. ‘ग्लिन पार्टिंग्टन हा प्रामाणिक, जीव ओतून खेळणारा गडी आहे. त्याच्या मनात कुणाबद्दल विष नाही.’ तिथपासून थेट ‘मी असेपर्यंत अशा माणसाला या क्लबात जागा आहे’ पर्यंत. खाली स्टॅनची सही नेहमीसारखी छापलेली.

शनिवारी दुपारी गावात जो तो ते वाचत होता, कारण घोट्याची बातमी आदल्या दिवशीच सगळीकडे पोचली होती. मिस्टर ऑर्मरॉडनी तर मॅचआधीच्या भर जेवणात पत्रिका वर धरली. “केवढं मोठं मन या माणसाचं,” ते म्हणाले. “स्वतःचा पाय मोडला तरी पोराची बाजू घेतो. हे पोरगं सोडायचं नाही.”

सोमवारी स्टॅन कुबड्या टेकत माझ्या खोलीत आला. पत्रिका टेबलावर आपटली. “हे कुणी लिहिलं?”

“तूच. फेब्रुवारीत.”

तो खुर्चीत बसला. प्लास्टरचा पाय समोरच्या स्टुलावर ठेवायला मी मदत केली. मग चहा दिला, तीन चमचे साखर घालून.

“फाऊल होता, विनी,” तो म्हणाला. आवाज वेगळाच होता, लहान झालेला. “तुला दिसला होता. माझी काही चूक नव्हती. मी नुसता उभा होतो.”

“होता,” मी म्हणाले. “सरळ सरळ फाऊल होता. आणि सप्टेंबरमधला?”

त्याने कपात बघितलं. खिडकीबाहेर बघितलं. नाड्या नसलेल्या त्या एका बुटाकडेही बघितलं, पण तिथे आता करण्यासारखं काही नव्हतं.

“तोही,” तो म्हणाला.

“पोराचा पाय?”

“जिथे असायला हवा तिथेच होता.”

“टाइप करू?”

“नको,” तो घाईने म्हणाला. “ग्रिमशॉ शनिवारी खेळायचाय.” मग त्याने यादी ओढून घेतली, चौदावं नाव हाताने लिहिलं, आणि कुबड्या घेऊन निघून गेला.

मी टाइप केलं नाही. यादी घेऊन खाली धुण्याच्या खोलीत गेले. ग्लिन तिथे बादलीवर बसला होता, बूट पिशवीत भरून. मी यादी त्याच्या हातात दिली, पण ती वाचायच्या आधीच त्याला सांगितलं, की सप्टेंबरमध्ये झाला तो फाऊलच होता आणि तुझा पाय जागच्या जागी होता.

“हे तुम्ही म्हणताय, मिसेस रॉथवेल?”

“नाही. स्टॅन म्हणाला. आत्ता, वर.”

त्याने यादीकडे बघितलंच नाही. हाताने नडगी चोळत तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, “अजून एकदा सांगा. तो नक्की काय म्हणाला?”

मी दार लावून घेतलं आणि पहिल्यापासून सांगितलं.