पाटावरच्या तीन फ्लॉप्या

सोनालीचा राग लिंबायतच्या त्या गल्लीत प्रसिद्ध होता. नळावर भांडण पेटलं की बाया म्हणायच्या, सुपडूच्या पोरीला तेवढं बोलावू नका, नाहीतर पाणीसुद्धा पळून जाईल. पण अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्याला सकाळी सकाळी ती जशी भडकली तशी आजवर कधी भडकली नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलंही नव्हतं.

ओले केस टॉवेलात गुंडाळून ती बाहेरच्या खोलीत आली आणि जागीच थांबली. भिंतीशी पाट मांडला होता. पाटावर आबांचा, म्हणजे तिच्या बापाचा, लूमवरचा धोटा आणि कैची होती. साड्यांवर टिकल्या लावायच्या मायच्या सुया होत्या. त्यांच्या शेजारी सोनालीच्या तीन फ्लॉप्या एकीवर एक रचलेल्या, वर हळदीकुंकवाची बोटं. आणि त्या तिघींच्या डोक्यावर मायचा लोहचुंबक! फुटक्या स्पीकरमधून काढलेला तो जाडजूड चुंबक माय फरशीवर सांडलेल्या सुया गोळा करायला वापरायची.

सोनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोहचुंबक जवळ आला की फ्लॉपीतलं सगळं पुसलं जातं, हे तिने या घरात कितीदा सांगितलं असेल! पण या घरात तिचं ऐकायचं कुणी? कॉम्प्युटर म्हणजे पोरीचं खेळणं, असंच सगळे धरून चालले होते. भाऊ योगेंद्र रिक्षा लावून आला की आयत्या बिळावर नागोबासारखा खुर्चीत बसायचा आणि गाड्यांचा खेळ खेळायचा. आबा तर त्या मशीनकडे पाहूनच नाक मुरडत. त्यांच्या लेखी जे खडखडत नाही ते मशीनच नव्हतं.

आणि त्या फ्लॉप्यांत काय होतं? तिची सगळी उमेद होती. पलसाण्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांच्या डिझाइनचं काम बघणारे मारुती मास्तर अमळनेरकडचे, आबांच्या ओळखीतले. त्यांनी तिचं काम पाहून सांगितलं होतं, "घरबसल्या काम देतो. पण आमचा प्रोग्राम तुझ्या विंडोज पंच्याण्णववर चालत नाही, त्याला एनटी नावाची दुसरी विंडोज लागते." दोन्हींची सीडी देऊन ते म्हणाले होते, "दसऱ्याला मिल बंद. दुपारी येऊन बघतो. चालताना दिसलं तर काम तुझं." मिलच्या रिंग रोडवरच्या ऑफिसात कामाला जायला आबांनी कधीचीच बंदी घातली होती. म्हणजे हे काम मिळालं तर मिळालं, नाहीतर जन्मभर मायच्या शेजारी बसून टिकल्या लावायच्या.

जुनी विंडोज काढायची नाही, तिच्या शेजारी दुसरी बसवायची, असं तिने ठरवलं होतं. दोन बायका फजिती ऐका, म्हणून क्लासमधल्या सरांनी चेष्टा केली होती, पण कसं करायचं तेही दाखवलं होतं. तिच्या जुन्या मशीनला सीडीवरून जाग येत नसे. आधी तीन फ्लॉप्या फॉरमॅट करून त्यांच्यावर एनटीची सुरुवात उतरवायची, मग मशीन त्या तिघींवरून उठवायचं. बाजारातल्या निम्म्या फ्लॉप्या सडक्या निघाल्या, तेव्हा कुठे काल संध्याकाळी या तीन तयार झाल्या होत्या.

"कोणी ठेवलं हे?" ती ओरडली. "माय! तुझा लोहचुंबक माझ्या फ्लॉप्यांवर कोणी ठेवला?"

प्रमिलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "माले काय माहीत व बाई! मी ते पुरनमा हात घाली बठेल शे."

"मी ठेवं," आबा दारातून म्हणाले. "चुंबक बी, तुन्या त्या चकत्या बी. घरमा ज्यानं जे हत्यार ते पाटवर. तुनं हत्यार शे ना ते?"

इतकी वर्षं हे मशीन खेळणं होतं. आजच, नेमकं आजच, ते हत्यार झालं! दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला हे ऐकून रडू आलं असतं. आज तिला दात खावेसे वाटले.

"सगळं पुसलं गेलं असेल आबा! आता पुन्हा फॉरमॅट करावं लागेल," म्हणत ती खाली वाकली.

"हात लावू नको!" आबांचा आवाज चढला. "पूजा व्हई गयी. आज हत्यार उचलाना दिन नही शे. उद्या उचल."

"उद्या? मास्तर आज येणारेत!"

"येवू दे. चहा पी, जलेबी खाई, जाई."

"आणि योगेंद्रची रिक्षा? आत्ता तिला हार घातला आणि आत्ता तो फाफडा-जलेबी आणायला पळाला तिच्यातून. तिला नाही का दसरा? का पोरगा चालवतो म्हणून तिला माफ?"

"तो घरनं काम करस. भाडं नही मारत." आबांनी धोट्याकडे बोट दाखवलं. "हाऊ एक दिन आपला शे. सेठना नही. सेठ स्वता दारमा उना तरी मी दसराले लूमवर गऊ नही."

"तुम्ही गेला नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी तुमचं लूम तिथंच होतं!" सोनाली म्हणाली. शेजारच्या बाया आता दारात डोकावत होत्या, आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "माझी जागा उद्या तिथं नसेल. तुम्ही बाहेर जाऊ देत नाही, घरी करते तर करू देत नाही. त्यापेक्षा मलाच बसवा त्या पाटावर, लावा हळदकुंकू, आणि विसर्जन करून टाका एकदाचं!"

"सोनाली!" माय कळवळली.

पण सोनालीने चुंबक भिरकावला, फ्लॉप्या उचलल्या आणि ओढणीने कुंकू पुसलं. खाण तशी माती. बापही हट्टी, लेकही हट्टी. आबा गॅलरीत गेले आणि गल्लीकडे तोंड करून बसले. योगेंद्रने आणलेली जलेबी त्यांनी परत पाठवली. ती माघारी आलेली ताटली बघून सोनालीचा संताप आणखीच वाढला.

तिने मशीनवरचा झेंडूचा हार बाजूला केला. फ्लॉप्या खरंच बिघडल्या होत्या. एकेक आत सरकवायची, फॉरमॅट द्यायचं, आकडा शंभरपर्यंत चढताना बघत बसायचं. तिसरीच्या झडपेत कुंकवाचा कण शिरला होता. तिने तो फुंकून काढला आणि फुंकताना घरातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात एकेक शिवी दिली. ड्राइव्ह खरखरला, अडखळला, पण शंभरवर पोचला. मग त्यांच्यावर पुन्हा सीडीतली सुरुवात उतरवली, मशीन बंद करून उठवलं. निळा पडदा आला. पहिली घाल, दुसरी घाल, तिसरी घाल. दुपार कलेपर्यंत मशीन सुरू होताना विचारू लागलं, जुन्या विंडोजमध्ये जायचं की एनटीत? तिने एनटी निवडली, आणि मिलचा प्रोग्राम उघडला. तो चालत होता. हे सांगायला घरात एकही माणूस नव्हतं, ज्याच्याशी तिला बोलावंसं वाटत होतं.

मारुती मास्तर आले ते कपाळावर टिळा लावून, खिशात आपट्याची पानं घेऊन. त्यांनी सगळ्यांना सोनं वाटलं, आबांना गॅलरीत जाऊन दिलं, मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. त्यांनी दोन-तीन डिझाइनं उघडून पाहिली आणि मांडीवर थाप मारली.

"वा व पोरी! काम तुनं." त्यांनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली. "ही बॉर्डर. रंग वेगळे करून संध्याकाळपर्यंत दे. उद्या पहाटे छपाईच्या स्क्रीन लावायच्यात."

"आज?"

"आज म्हणजे काय? बसलीस ना तू आजही!" मास्तर खूश होऊन हसले. "असंच माणूस पाहिजे होतं मला. ऑफिसातली पोरं सण आला की हात वर करतात. दसरा, दिवाळी, कानबाई, यांचं काही ना काही असतंच. आता सणासुदीचं सगळं काम तुझ्याकडे टाकतो. तुला कुठं सण!"

सोनालीने त्यांच्या टिळ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही आज मिलमध्ये का गेला नाहीत?"

"मी? आज दसरा शे ना!"

गॅलरीत आबांची पाठ दिसत होती. ती पाठ हललीसुद्धा नाही. पण त्यांना ऐकू गेलं होतं, हे सोनालीला कळलं, आणि तिचे कान तापले. सकाळपासून ज्या रागाने ती बापावर तुटून पडली होती, तो सगळा आता या हसऱ्या माणसाकडे वळला.

तिने प्रोग्राम बंद केला. मशीन बंद केलं.

"उद्या सकाळी करते."

"उद्या उशीर होईल ना पोरी."

"मी आज करणार नाही. आज आमच्या घरात हत्यारं बंद असतात."

मास्तरांचं हसू मावळलं. "मग आत्ता चाललं होतं ते काय होतं?"

"ते माझं होतं. हे तुमचं आहे."

"बघ हं. उधन्याला एक पोरगा तयार बसलाय."

"मग त्याला द्या."

मास्तरांनी गुंडाळी पिशवीत घातली, टेबलावरची सीडी मागून घेतली, आणि पुरणपोळी न खाताच जिना उतरले. मायने कपाळाला हात लावला. आज या पोरीने बापाशी भांडून काम मिळवलं आणि स्वतःच लाथाडलं, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. काम गेलं होतं. रडायचं नाही असं सोनालीने ठरवलं, आणि तेही जमेना.

आबा गॅलरीतून आत आले. पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा प्यायले, तोंड पुसलं, आणि जगातले सगळे बाप म्हणतात तेच म्हणाले,

"मी सांगतच व्हतू."

"बोलू नका तुम्ही!" सोनाली किंचाळली. "एक अक्षर बोलू नका!"

त्यांनी कामाला बाहेर जाऊ दिलं नव्हतं, याचा तिला राग होता. सकाळी गल्लीदेखत अडवलं, त्याचाही होता. पण आज ते बरोबर निघाले, याचा राग त्या सगळ्याहून मोठा होता.