हिमश्वास महाराजांचा वर उचललेला हात

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही," असं काशीराम सुरुवातीलाच सांगून टाकतो. वटार गावच्या पारावर त्यानं आजवर सांगितलेल्या एकाही गोष्टीवर कोणी ठेवलेला नाही. अर्नाळ्याच्या खाडीतलं बोईट, म्हणजे चक्क मासा, त्याच्या सायकलीमागोमाग बाजारापर्यंत आलं होतं, त्यावर तर नाहीच. पण लोक ऐकायला बसत, हातातला चहा निवेपर्यंत बसत. यंदा दिवाळीनंतर मात्र पार ओस पडला. सगळे समोरच्या केळीच्या वाडीत, हिमश्वास महाराजांच्या मांडवात.

कोणी गुडघा घेऊन, कोणी टाच, कोणी कंबर घेऊन सकाळी सहापासून रांगेत उभं. रांगेच्या टोकाला एक उंच स्टूल. दुखणाऱ्यानं त्यावर चढायचं आणि महाराजांनी खाली चटईवर बसून हात वर उचलायचा. भगव्या बाहीतला तळवा गुडघ्यापाशी जायचा, तोंडानं 'फूऽऽ' व्हायचं आणि बोटांच्या बेचक्यातून गार धुकं निघायचं. कापराचा वास सुटायचा. स्टुलावरून उतरताना माणूस डोळे पुसायचा.

"बाकीचे गुरू सिंहासनावर चढतात," चेला माईकवर सांगायचा, "आमचे महाराज भक्ताच्या पायाशी बसतात. डॉक्टरची गोळी पोटात जाते. महाराजांचा श्वास थेट हाडात जातो. हाड म्हणतं, आलो महाराज, आणि जाग्यावर बसतं."

दर तासाला महाराज पडद्यामागे ध्यानाला जायचे आणि ताजे होऊन यायचे.

काशीरामनं हेही सोसलं असतं. पण त्याची बायको हंसा रांगेत जाऊ लागली. तिचा उजवा गुडघा जुना दुखरा. पस्तीस वर्षं त्याला तेल चोळायचं काम काशीरामचं होतं, आणि त्या कामात त्यानं कधी खाडा केला नव्हता. एका संध्याकाळी तो वाटीत तेल कोमट करून घेऊन आला, तर ती म्हणाली, "राहू द्या. तुमच्या हाताला घट्टे पडलेत. महाराजांच्या हाताचा गारवा काय सांगू तुम्हाला."

काशीरामनं वाटी मागे घेतली. मग तेल स्वतःच्या टकलाला लावून बाहेर पडला.

दोन दिवसांत गुडघा लाल झाला, तापला, टम्म फुगला. शेजारची डायना सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"काकी, आत पू झालाय असं वाटतं. उद्याच दाखवायला हवं. उशीर झाला तर गुडघा कायमचा जाईल."

"महाराजांनी एकवीस दिवस सुई लावू नको सांगितलंय," हंसा म्हणाली. "बारा झाले. नऊ तर राहिले."

काशीराम तडक एरॉलकडे गेला. एरॉल एसी दुरुस्त करायचा. "बाहीत फवाऱ्याचा डबा असेल रे?"

"मलाही तेच वाटलेलं. पण दाबलेल्या गॅसचा डबा रिकामा होत गेला की फवारा मंदावतो. मी उभा राहून बघितलं, काश्या. पहिल्या म्हातारीला जेवढं धुकं, विसावीला तेवढंच. डबा नाही तो."

काशीराम कितीतरी दिवसांनी हसला. स्टेशनच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात तो सत्तावीस वर्षं फवाऱ्याचे डबेच भरत होता.

"डब्याच्या मानेत चण्याएवढी झडप असते. आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. दाब जास्त असला की पडदा वाट आवळतो, दाब उतरला की वाट मोकळी करतो. म्हनून फवारा शेवटपर्यंत एकसारखा. माझी बोटं झिजली ती झडप बसवून."

"मग सांग की लोकांना."

"माझं कोन ऐकेल? बोईट आठव."

रागानं माणसाची झोप उडते, तशी नजरही तीक्ष्ण होते. दुसऱ्या सकाळी काशीराम मांडवात महाराजांचं तोंड बघत बसला नाही, ते स्टूल बघत बसला. एवढा मोठा गुरू खाली आणि भक्त वर, हे कशाला? आणि त्याला डब्यातली नळी आठवली. ती तळापर्यंत पोचते. डबा उभा असला की गॅस औषधाला ढकलतो आणि औषध नळीतून वर चढतं. डबा उलटा केला की औषध डोक्याकडे येतं, नळीचं तोंड गॅसमध्ये लोंबतं आणि नुसता गॅस पळून जातो. गॅस गेला की उरलेल्या औषधाला ढकलणारं कोणी नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं हंसाला धरून रांगेत आणलं, एरॉल आणि डायनालाही सोबत घेतलं. स्टुलापाशी येऊन म्हणाला, "महाराज, हिला आज चढवत नाय. खाली बसते."

"स्टुलाशिवाय कृपा होत नाही," चेला म्हणाला.

"महाराज तर भक्ताच्या पायाशी बसतात ना? मग हा पायही जमिनीवरच आहे."

रांगेनं माना डोलावल्या. महाराजांना हात खाली करावाच लागला. फूऽऽ झालं. नुसतं सूं सूं आलं. धुकं नाही, कापूर नाही.

"गार नाय लागत, महाराज," हंसा म्हणाली.

"श्रद्धा कमी पडली, माई."

"मग अजून एकदा," काशीराम हात जोडून म्हणाला. दुसऱ्यांदा सूं सूं बारीक झालं. तिसऱ्यांदा तेही बंद.

"आता हात वर करा. मी चढतो स्टुलावर."

महाराजांनी हात वर केला, गाल फुगवून फुंकलं. काहीच आलं नाही. काशीराम स्टुलावरून उतरून पाया पडायला वाकला आणि त्यानं महाराजांची बाही कोपरापर्यंत सारली. मनगटाकडे तोंड करून पट्टीनं बांधलेला डबा, त्याला जोडलेली बारीक नळी बोटांच्या बेचक्यात. एरॉलनं तो सोडवून कानाशी हलवला. आत औषध डचमळलं.

"अर्धा भरलाय," तो म्हणाला, "आणि मेलाय."

चेल्यानं आधी माईक गुंडाळला, मग महाराजांना. हंसा त्या डब्याकडे बघत राहिली. मग डायनाला म्हणाली, "रिक्षा बोलव, पोरी."

पू काढला. गुडघा वाचला. आता ती काठी टेकत पारावर येते, आणि पार पुन्हा भरतो.

"स्पिरिट कातडीवर उडालं की गार लागतं," काशीराम तिथं सांगतो. "गार लागनं म्हंजे बरं होनं नाय. सूज आली, ताप आला तर दवाखाना गाठा. आणि कोनी चमत्कार दाखवला तर त्याला एकदा उलटा करून बघा. खरा असेल तर उलटाही चालेल."

सगळे गप्प ऐकतात, म्हणून तो जरा पुढे सरकतो. "आता मला काय त्या बाबाशी वैर नव्हतं. मी शांत डोक्यानं, गावाच्या भल्यासाठी..."

"खोटं," हंसा काठी आपटून म्हणते. "आठवडाभर हा माणूस दात खात फिरत होता. 'माझ्या हाताला घट्टे काय' म्हनून."