माझ्या पोटात फुटलेली टाकी

मित्रांनो, मी एक म्हातारी भट्टी आहे. डेन्मार्कमधल्या खाडीकाठच्या एका गावाचा कचरा मी जाळते. गाड्या खोल खड्ड्यात कचरा ओततात, वरून लोखंडी पंजा तो उचलतो आणि माझ्या घशात सोडतो. आत तो हलत्या जाळीवर पुढं पुढं सरकत जळतो. त्या धगीवर पाणी तापतं आणि नळ्यांमधून घराघरांत ऊब नेतं. धूरसुद्धा धुऊन-गाळूनच बाहेर सोडतात. मागं उरते ती राख.

नवी होते तेव्हा केवढं कौतुक! शाळेतली मुलं बघायला यायची. आता कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याचं एवढं वाईट वाटत नाही. मला धास्ती असते ती पंज्याची. तो उघडला की वाटतं, आज काय पडतंय कोण जाणे!

गेल्या जानेवारीत कडाक्याची थंडी होती. मला वर्षानुवर्षं सांभाळणारा प्रेबेन काचेच्या झरोक्याशी वाकून आग बघत होता. वर विबेके पंजा चालवत होती. पंजा उघडला आणि कचऱ्यात तिला काहीतरी चकाकताना दिसलं. ती फोनवर ओरडली, "प्रेबेन, पळ! गॅसची टाकी गेलीय आत!"

"कुठाय? थांब, बघतो."

"बघतोस काय, डोंबल! पळ आधी!"

तो जिन्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच टाकी फुटली. झरोक्याची काच उडाली, माझ्या नळ्या फाटल्या. मला विझवावं लागलं. ज्यानं मला जपलं त्यालाच मी मारलं असतं, या विचारानं मी गार पडले.

विबेके धापा टाकत खाली आली. "लागलं नाही ना रे? फुगे भरायची टाकी होती. रिकामी म्हणून टाकतात मेले, पण आत वायू उरतोच, तापला की फुटते!"

संध्याकाळपर्यंत गाव गारठलं. प्रेबेन माझ्याजवळच बसला होता. त्याच्या लेकीचा, आस्ताचा फोन आला. "बाबा, घर नुसतं बर्फ झालंय. माझी सिग्ने कुडकुडतेय. भट्टी बंद पडली का?"

"कुणीतरी फुग्यांची टाकी कचऱ्यात टाकली गं."

ती हळूच म्हणाली, "बाबा, सिग्नेच्या वाढदिवसाची आमची टाकी... पण ती रिकामीच होती हो!"

प्रेबेननं डोळे मिटले. "असू दे. पोरीला अजून एक स्वेटर घाल."

आपण झरोक्याशी उभे होतो, हे त्यानं तिला सांगितलं नाही. म्हणून मी तुम्हाला सांगतेय, मित्रांनो. पिशवी बांधण्याआधी एकदा आत बघा. मला आता नवी काच बसवलीय आणि प्रेबेन रोज तिच्यापाशी वाकून उभा असतो.