नाट्यगृहाच्या दारातला उतार

मी मोंढ्यातली, म्हणजे धान्याच्या बाजारातली, जुनी फळी आहे, मित्रांनो. बारा फूट लांब, फूटभर रुंद, आणि अंगावर इतके ओरखडे की मोजायला बसलात तर तुमची दिवाळीची सुट्टी संपून जाईल. सध्या माझा मुक्काम लातूरच्या एका जुन्या नाट्यगृहाच्या दारात आहे. आत जाताना तुम्ही माझ्याकडे बघत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. फळीकडे कोण बघतं? पण आज थोडा वेळ थांबा. मला एक चूक सांगायची आहे. ती माझ्याच अंगावर घडली, म्हणून मीच सांगते.

मी मूळची किनवटच्या जंगलातली. सागाचं झाड होते, चांगलं उंच. एक दिवस कुऱ्हाड लागली आणि मी नांदेडच्या आरा मशीनवर जाऊन पडले. करवत अंगातून फिरताना वाटलं, संपलं सगळं. संपलं काहीच नव्हतं. ट्रकात घालून मला लातूरच्या मोंढ्यात आणलं आणि खरं आयुष्य तिथे सुरू झालं.

माझं काम सरळ होतं. ट्रक उभा राहिला की माझं एक टोक जमिनीवर आणि दुसरं ट्रकच्या मागच्या फाळक्यावर. हमाल पाठीवर पोती घेऊन माझ्यावरून चढायचे. तूर, हरभरा, सोयाबीन, काय काय वाहिलं म्हणून सांगू. त्या हमालांत आनंदराज नावाचा एक गडी होता. पहिलं पोतं उचलण्याआधी तो माझ्यावर एक पाय आपटून बघायचा आणि म्हणायचा, ही फळी वाकत नाही. बाकीचे हमालही दुसरी फळी सोडून मलाच मागायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

पुढे मोंढ्यात पोती चढवायला फिरता पट्टा आला. मला गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. एक पावसाळा गेला, मग दुसरा, मग मी मोजणं सोडलं. माझ्या सावलीला कुत्री झोपायची, तेवढीच सोबत. खालच्या टोकाला वाळवी लागायला आली होती. आपल्यावर कुणी पाय ठेवत नाही याचंही दुःख होतं, मित्रांनो, हे मला तिथे कळलं. आनंदराजचे गुडघे गेले होते. तो या नाट्यगृहावर राखणदार म्हणून लागला, असं कानावर आलं.

या नाट्यगृहात दर हिवाळ्यात चार दिवसांचा चित्रपट महोत्सव भरतो. तो भरवतात प्रमोदिनीबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज बारीक पण हट्ट मोठा. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की महोत्सवात कुणीही आलं तरी त्याला परकं वाटता कामा नये. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत संवाद. ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानाला यंत्र, आणि मागच्या खोलीत बसून मुग्धा नावाची मुलगी पडद्यावरचं सगळं त्यांना सांगणार. पहिल्या रांगेतल्या सहा खुर्च्या काढून चाकाच्या खुर्च्यांना जागा केली. सगळं झालं, पण नाट्यगृहाच्या दाराला चार पायऱ्या होत्या. त्यांचं काय?

आणि त्या पायऱ्यांमुळेच एक बाई तीस वर्षं आत आली नव्हती. तिचं नाव पार्वतम्मा. ती मूळची किल्लारीकडची. मुलगी असताना तिला सिनेमाचं भारी वेड होतं. बहिणीला घेऊन एसटीनं लातूरला यायची आणि एका दिवसात दोन सिनेमे बघून परत जायची. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. दगडी भिंत पायांवर आली आणि पाय कायमचे गेले. भाऊ तिला लातूरजवळच्या मुरूडला घेऊन आला. तिथे ती हातानं फिरवायच्या मशीनवर ब्लाऊज शिवते, आणि तिच्या हातचं ब्लाऊज घालणाऱ्या बायका दुसरीकडे जात नाहीत. पाय गेल्यावर एकदाच ती इथे सिनेमाला आली होती. चौघांनी खुर्चीसकट उचलून तिला पायऱ्या चढवल्या. खुर्ची कलंडली, पदर ढळला, आणि सगळं थिएटर पडदा सोडून तिच्याकडे बघत बसलं. त्या दिवशी तिनं ठरवलं की कुणाच्या हातांवर बसून आत जायचं नाही.

आता लातूरच्या काही विद्यार्थ्यांनी तिच्यावर पंधरा मिनिटांचा एक लघुपट केला होता. तिची मशीन, तिचे हात, तिचं बोलणं. तो महोत्सवात पहिल्याच दिवशी दाखवायचा होता. पार्वतम्मानं स्वतःला पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. प्रमोदिनीबाईंनी मुरूडला जाऊन शब्द दिला की तुम्ही तुमच्या चाकांवर आत याल, कुणी हात लावणार नाही. पार्वतम्मानं त्या शब्दावर नवं लुगडं काढून ठेवलं.

तेव्हा आनंदराजला माझी आठवण झाली. मोंढ्यात पडून असलेल्या फळ्या मागून आणू म्हणाला. गोदामामागून आम्हाला बाहेर काढलं तेव्हा उन्हानं माझे डोळे दिपले, म्हणजे मला डोळे असते तर दिपले असते. आम्ही आठ जणी होतो. मल्लिनाथ सुतारानं आम्हाला तासलं, वाळवीचा भाग काढला आणि चौघींना शेजारी शेजारी जोडून उतार केला. पहिल्यांदा त्यानं तो ट्रकला लावतात तसाच उभा लावला. आनंदराजनं चाकाच्या खुर्चीत एक पोतं ठेवलं आणि ढकलून पाहिलं. चढलं, पण त्याला धाप लागली. तो मल्लिनाथला म्हणाला, "हे पोत्याला ठीक हाय. माणसाला एकट्यानं चढायचं असंल तर याच्या दुप्पट लांब पायजे." मग उरलेल्या चौघी जोडून उतार दुप्पट केला. मधे वळायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा, वर काथ्याची पट्टी. मी वरच्या भागात, अगदी दाराजवळ बसले. वयाच्या मानानं मला मोठी जागा मिळाली होती.

आता चूक ऐका. ती कुणी वाईट मनानं केली नाही. आपल्याकडे नवी वस्तू आली की तिचा मान करतात, आणि महोत्सवाच्या समितीतल्या लोकांनीही तेच केलं. कठड्याला झेंडूच्या माळा लावल्या. मधल्या सपाट जागेवर मोरांची रांगोळी काढली. आणि खाली, उताराच्या पायथ्याशी, लाल फीत बांधली. प्रमुख पाहुणे नांदेडहून येणार, त्यांच्या हस्ते उताराचं उद्घाटन होणार, आणि तोवर त्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही असं ठरलं. मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हळद-कुंकू लावत होतं. मी मूर्खासारखी फुगून बसले होते.

पाच वाजता जीप आली. पार्वतम्मा हातांच्या जोरावर खुर्चीत उतरली, नव्या लुगड्यात, केसांत गजरा. सोबत तिची भाची अंबिका. खुर्ची वळवून ती उताराच्या पायथ्याशी आली आणि फितीपाशी थांबली. फीत बरोबर तिच्या छातीसमोर होती. कार्यकर्ते म्हणाले, मावशी, पाच मिनिटं, पाहुणे येतच आहेत. पाहुण्यांची गाडी अजून वाटेतलं अहमदपूरही ओलांडून आलेली नव्हती. बाकी लोक पायऱ्यांवरून आत जात होते. साडेपाच झाले. प्रेक्षक कंटाळतील म्हणून आत कुणीतरी ठरवलं की पाहुणे येईपर्यंत तो छोटा लघुपट दाखवून घेऊ.

आणि मित्रांनो, दारातून पार्वतम्माचा आवाज बाहेर आला. पडद्यावरचा. ती आत बोलत होती आणि बाहेर फितीमागे बसून ऐकत होती. कार्यकर्ते गडबडले. चौघं धावत आले, म्हणाले मावशी, पायऱ्यांवरून उचलून नेतो, दोन मिनिटांचं काम आहे. एकानं खुर्चीचा दांडा धरलासुद्धा. पार्वतम्मानं त्याचा हात बाजूला केला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "मी काय पोतं हाय का रं बाबा, उचलून आत टाकायला?"

पोतं म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जन्मभर पोती वाहिली, पण कधी एकाही पोत्यासाठी मोंढ्यात फीत बांधून कुणाला थांबवलं नव्हतं. मला लाज वाटली. तिच्यासाठी मला बाहेर काढलं होतं, आणि आमच्याच अंगावर रांगोळी आणि पुढे फीत होती म्हणून ती खाली बसली होती. फीत तोडायला कुणाचा हात पुढे झाला नाही. आनंदराज दारात उभा होता, त्याचाही नाही. पंधरा मिनिटांनी आत टाळ्या वाजल्या. पार्वतम्मानं गजरा काढून मांडीवर ठेवला आणि अंबिकेला म्हणाली, चल. जीप निघून गेली.

नंतर पाहुणे आले. फीत कापली गेली. आपल्या दोन धडधाकट पायांवर ते माझ्यावरून चालत वर गेले, आणि मग फोटोसाठी पंधरा-वीस माणसं एकदम माझ्यावर उभी राहिली. त्या गर्दीत दाराजवळचा माझा एक खिळा सैल झाला. माझी कड बोटभर वर उचलली गेली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रमोदिनीबाई सगळा वेळ आत मंचामागे तयारीत होत्या, आणि पार्वतम्मा कधीच आत पोचली असं त्यांना वाटत होतं. कार्यक्रम संपल्यावर आनंदराजनं त्यांना सांगितलं. त्या माझ्या कडेला मटकन खाली बसल्या. आनंदराज म्हणाला, "बाई, कात्री माझ्या खिशात होती. मला बी कापता आली असती. हिंमत झाली न्हाई."  बाईंनी कठड्यावरची माळ ओढून काढली आणि हातात तशीच धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुरूडला गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर आनंदराजला सांगितलं, म्हणून मलाही कळलं. बाईंनी माफी मागितली. शेवटच्या दिवशी लघुपट पुन्हा दाखवू, तुमचा मंचावर सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, असं म्हणाल्या. पार्वतम्मानं मशीन थांबवली नाही. शिवता शिवताच म्हणाली, "शाल नको बाई. कुणी दारात उभं ऱ्हायचं न्हाई, फोटो काढायचा न्हाई, नाव पुकारायचं न्हाई. सगळे येतात तशी मला येऊ द्या." येणार की नाही ते मात्र तिनं सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतः बादली आणून रांगोळी धुतली. दुपारच्या खेळाला लोक येऊ लागले. आनंदराजला सक्त ताकीद होती की दारात थांबायचं नाही, म्हणून तो तिकडे पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून रस्त्याकडे बघत होता. खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं राहिली तरी मुरूडकडून काही आलं नाही. माझा जीव टांगणीला लागला. मला ती यायला हवी होती, आणि माझी उचललेली कडही आठवत होती.

जीप आली. पार्वतम्मानं अंबिकेला खालीच थांबवलं. मग तिनं दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि चढू लागली. मोंढ्यातल्या पोत्यांपुढे तिचं वजन ते काय, पण इतकं जपून मी कुणाला वाहिलं नाही. मधल्या जागेवर तिनं दम घेतला. वळली. वरचा भाग चढली. आणि दाराच्या हातभर अलीकडे तिचं पुढचं चाक माझ्या कडेला अडलं.

तिनं जोर लावला. चाक हलेना. टाकीजवळून आनंदराज दोन पावलं पुढे आला आणि थांबला. मी वाकू शकले असते तर तेव्हा वाकले असते, मित्रांनो. जन्मभर न वाकण्याचं कौतुक करून घेतलं, त्याचा मला तेव्हा राग आला. पार्वतम्मानं कपाळावरचा घाम पुसला. खुर्ची वीतभर मागे घेतली, कठडा एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं चाकाला हिसका दिला. खट्ट आवाज झाला. चाक माझ्या कडेवरून गेलं आणि ती आत गेली. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी वळूनही पाहिलं नाही.

थोड्या वेळानं तिचा पडद्यावरचा आवाज पुन्हा बाहेर आला. या वेळी त्याच्यासोबत तिचं हसूही होतं, आणि ते आतून येत होतं.

खेळ सुटला तेव्हा गंमत झाली. काठी टेकणारे आजोबा, कडेवर मूल घेतलेल्या बाया, कानाला यंत्र लावलेली दोन माणसं एकमेकांचा खांदा धरून, सगळेच पायऱ्या सोडून माझ्यावरून निघाले. पार्वतम्मा मधल्या जागेवर वळत होती आणि तिच्यामागे गर्दी तुंबली. मागून एक बाई कंटाळून म्हणाली, "ओ मावशी, सरका की जरा पुढं. एस्टी जाईल आमची."

पार्वतम्मानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "सरकते की गं," ती म्हणाली, आणि हसत हसत खाली उतरली. तीस वर्षांत तिला कुणी असं घाई करून बोललं नव्हतं.

महोत्सव संपल्यावर आम्हाला पुन्हा गोदामामागे ठेवायचं घाटत होतं. प्रमोदिनीबाईंनी ठेवू दिलं नाही. पायऱ्या काय चारच दिवस असतात का, असं त्यांनी समितीला विचारलं. मल्लिनाथनं येऊन माझी कड बसवली आणि दोन खिळे जास्त ठोकले. तेव्हापासून मी इथेच आहे.

आता माझं मागणं ऐका. मला हळद-कुंकू लावू नका, माळा घालू नका. वर्षातून एकदा खिळे तपासा, काथ्याची पट्टी फाटली तर बदला. आणि मोटारसायकल उताराच्या पायथ्याशी लावू नका. रोज कुणीतरी लावतं. दोन मिनिटांत येतो म्हणतं आणि तासभर येत नाही. मग आनंदराज दुखऱ्या गुडघ्यांनी ती गाडी ओढून बाजूला करतो. त्याला आता ते झेपत नाही, आणि तो नसला तर करणारं कुणी नाही. तेवढी जागा मोकळी राहू द्या, मित्रांनो. पार्वतम्मा आता सिनेमाला येते, आणि ती येताना कुणाला कळवून येत नाही.